मुंबई–टोरांटो खरं अंतर किती? दोऱ्याने मोजलं तर १७ हजार येतंय!

निवृत्त_कंट्रोलर (देवगड)

नमस्कार मंडळी. एसटीत चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा देवगड आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. किलोमीटर आणि वेळ या दोन गोष्टींवर पोट भरलेला माणूस मी, त्यामुळे हा प्रश्न विचारताना जरा लाजच वाटते आहे. पण घरात विचारायची सोय राहिलेली नाही, ते का ते पुढे येईलच.

धाकटी लेक जानेवारीत टोरांटोला शिकायला निघाली आहे. परवा जेवताना तिची आई म्हणाली, "पण म्हणजे आहे तरी किती लांब?" लेकीने मोबाइलवर बघून सांगितलं, साडेबारा हजार किलोमीटर. मी म्हटलं, मोबाइल कशाला, नकाशा आहे की. माजघरात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे, पोरं शाळेत असताना घेतलेला. खालचा एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण प्रमाणपट्टी शाबूत आहे. १ सेंटिमीटर म्हणजे २५० किलोमीटर. शिवणाचा दोरा घेतला, मुंबईवर एक टोक धरलं, टोरांटोवर दुसरं, मध्ये ताणून सरळ. पट्टीवर मोजला तर ६९ सेंटिमीटर. म्हणजे १७,२५० किलोमीटर. लेक हसायला लागली म्हणून पुन्हा मोजला. पुन्हा ६९.

पावणेपाच हजारांचा फरक! देवगड–मुंबई रस्ता साडेचारशेच्या आसपास धरला तर दहा खेपा झाल्या की हो. आमच्याकडे एका फेरीत दहा किलोमीटर इकडचे तिकडे झाले तरी डिझेलचा हिशोब जुळायचा नाही.

दुसरं, विमान लंडनवरून आहे. माझा दोरा सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असा जाऊन अटलांटिकमध्ये उतरतो. लंडन त्याच्या कुठल्या कुठे वर. देवगडहून मुंबईला जाणारी गाडी सोलापूरवरून न्यावी तसला हा प्रकार दिसतो.

तिसरं, तिकिटावर मुंबई सुटणार ०७.१०, लंडन ११.२५. तिथून १४.३०, टोरांटो १७.३०, तारीख तीच. सकाळी सातला निघून संध्याकाळी साडेपाचला पोचणार, म्हणजे १० तास २० मिनिटं, त्यातही तीन तास लंडनला मुक्काम. घड्याळं वेगवेगळी असतात एवढं मला कळतं. पण कुठे किती मिळवायचे आणि कुठे वजा करायचे यात मी दोनदा चुकलो आणि दोन वेगळी उत्तरं आली.

मला कुठल्या साइटचं नाव नको आहे. स्वतः हिशोब करायचा आहे. कसा करतात ते कुणी सांगेल का?

दर्यावर्दी (हर्णै)

काका, तुमचा दोरा बरोबर आहे. चूक नकाशाची आहे. खरं तर त्याचीही नाही, तो त्या कामासाठी केलेलाच नाही.

मी मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर होतो. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे कागदावर आणताना ती कुठेतरी ताणावी लागते. तुमच्यासारख्या भिंतीवरच्या नकाशांत विषुववृत्तापासून वर-खाली जाऊ तसं सगळं आडवं ताणलेलं असतं. तुमची प्रमाणपट्टी विषुववृत्तावर खरी. टोरांटो आहे साधारण ४४ अंश उत्तरेला, तिथे नकाशावरचं पूर्व-पश्चिम अंतर खऱ्याच्या जवळजवळ १.४ पट दिसतं. ६० अंशांवर दुप्पट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते यामुळेच.

जहाजावर चार्टवरचं अंतर मोजताना आम्ही डिव्हायडर (कंपासपेटीत असतो तो, दोन टोकांचा) नेहमी बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर लावायचो, तोसुद्धा ज्या अक्षांशावर जहाज आहे त्याच उंचीला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मी कॅडेट असताना एकदा डिव्हायडर खालच्या रेखांशाच्या पट्टीवर लावला होता. कॅप्टनने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता तुमच्या दोऱ्याची सरळ रेषा. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली त्याचा नकाशा काढला, तुमचा त्याच पद्धतीचा, तो खलाशांसाठी. त्यावर सरळ रेघ मारली की पूर्ण प्रवासभर होकायंत्राचा कोन तोच राहतो. सुकाणूवाल्याला सोपं, पण ती रेघ सगळ्यांत जवळची नव्हे. मुंबई–टोरांटो त्या रेघेने खरोखर गेलात तर सुमारे १४,५०० किलोमीटर पडतील. म्हणजे तुमच्या १७,२५० मधले पावणेतीन हजार हे नुसते कागदाच्या ताणाचे, आणि उरलेले दोन हजार वाकड्या वाटेचे.

सगळ्यांत जवळची वाट गोलावर दोरा ताणला की मिळते. आम्ही तिला ग्रेट सर्कल म्हणतो, शाळेच्या भूगोलात बृहद्वृत्त. कुणाकडून तरी पृथ्वीचा गोल मिळवा आणि दोन टोकं धरून दोरा ताणा. तो इजिप्तकडे जाणारच नाही, बघा.

हिशोब करायचाच असेल तर सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या, तो डिग्रीवर आहे ना ते बघा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. टोरांटो ४३.६८ उत्तर, ७९.६३ पश्चिम.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार. दोन्ही गुणाकारांची बेरीज करून तिचा उलटा कोसाइन काढलात की उत्तर अंशांत येईल. ते गुणिले ६० म्हणजे सागरी मैल, त्याला १.८५२ ने गुणलं की किलोमीटर.

निवृत्त_कंट्रोलर (देवगड)

दर्यावर्दी साहेब, आभार. लेकीचा बारावीचा कॅल्क्युलेटर ट्रंकेतून काढला, सेल बदलले, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. पहिला गुणाकार ०.२२५८. दुसरा ०.६७८७. बेरीज ०.९०४५. उलटा कोसाइन २५.२ अंश आणि काहीतरी.

२,८०४ किलोमीटर.

आता घरात दोघीही हसतायत. सतरा हजारांवरून एकदम अठ्ठावीसशे! रात्रीची गाडी पकडली तर सकाळी पोचेल असं बायकोचं म्हणणं आहे. माझं काय चुकलं?

दर्यावर्दी (हर्णै)

रेखांश. ७९.६३ मधून ७२.८७ वजा केलेत ना? ६.७६ आलं असणार. पण एक पूर्व आहे आणि दुसरा पश्चिम. दोघांच्या मध्ये ग्रीनिचची रेषा येते, त्यामुळे बेरीज करायची: १५२.५० अंश. तुम्ही काढलंत ते ७९.६३ पूर्वेचं अंतर. ती जागा कझाकस्तानात चीनच्या हद्दीजवळ येते, तिथे विमानतळ शोधावा लागेल.

१५२.५ चा कोसाइन उणे येतो, –०.८८७०. म्हणजे दुसरा गुणाकार –०.६०६२. बेरीज –०.३८०४. उलटा कोसाइन ११२.३६ अंश. ६० ने गुणून ६,७४२ सागरी मैल, म्हणजे १२,४८५ किलोमीटर. लेकीचा मोबाइल खरं बोलतोय. दहावीस किलोमीटर इकडेतिकडे दिसले तर घाबरू नका. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर. आपण तिला नेमकी गोल धरली.

जवळच्या अंतराला एवढं सगळं करायची गरज नाही. देवगड १६.४ उत्तर, ७३.४ पूर्व धरा. मुंबई विमानतळाशी अक्षांशाचा फरक २.७ अंश, गुणिले १११, म्हणजे ३०० किलोमीटर. रेखांशाचा फरक अर्धा अंश, पण आपल्या अक्षांशाला एक अंश १०६ चा, म्हणून ५३. मग पायथागोरस. ३०५ किलोमीटर येतात. तुमची गाडी त्याला साडेचारशे घेते. विमानालाही हेच लागू, त्यालाही वळणं असतात. त्याबद्दल कुणी विमानवाल्याने सांगावं.

ऑप्स_नाइटशिफ्ट (मूळ कुडाळ)

विमानवाला हजर. मुंबईत एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये आहे, म्हणजे काका, तुमचंच काम, फक्त गाड्यांना पंख आहेत.

आधी घड्याळ. आम्ही सगळ्या वेळा यूटीसीवर, म्हणजे जगभर धरलेल्या एका समान घड्याळावर आणतो, नाहीतर रात्रपाळीत वेड लागेल. तुम्ही आपलं भारतीय घड्याळ धरा, तेवढ्याने काम होतं. नियम एकच: वजाबाकी करण्याआधी सगळ्या वेळा एका घड्याळावर आल्या पाहिजेत. तुम्ही बहुतेक आधी वजाबाकी केलीत आणि मग फरक मिळवायला गेलात. तिथेच पाय घसरतो.

जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे आणि टोरांटो साडेदहा. लंडनचे ११.२५ म्हणजे आपले १६.५५. तिथून सुटायची वेळ १४.३० म्हणजे आपले २०.००. टोरांटोचे १७.३० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४.००.

मुंबई–लंडन ९ तास ४५ मिनिटं, लंडनला ३ तास ५, पुढे ८ तास. एकूण २० तास ५० मिनिटं.

एक खाचखळगा आत्ताच लिहून ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी टोरांटोचं घड्याळ तासभर पुढे जातं, मग आपला फरक साडेनऊ. लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी हलतं. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोघांचा आपसातला फरकही बदललेला असतो. त्या दिवसांत आमच्याकडेही शिकलेसवरलेले लोक चुकतात.

आता तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे: मुंबई–लंडन बृहद्वृत्ताने ७,२०० किलोमीटर, विमान चालतं ताशी ९०० ने, मग आठ तास व्हायला हवेत, पावणेदहा कुठून आले?

तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. चाकं जमिनीवर असतानाचाही वेळ त्यात येतो. मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी वर घिरट्या, मग गेट रिकामं होण्याची वाट. तुमच्या भाषेत, स्टँडवरून सुटून स्टँडवर लागेपर्यंत.

दुसरं म्हणजे वारा. वर ३५–४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. लंडन–टोरांटो ५,७०० किलोमीटर आहे. वाटेत सरासरी ताशी १०० चा वारा समोरून धरला तर जमिनीच्या हिशोबाने वेग उरला ८००, म्हणजे सव्वासात तासांच्या जवळ, वर जमिनीवरचा वेळ, झाले आठ. परतीला तोच वारा पाठीमागून, वेग १,०००, आणि साडेसहा तासांत लंडन. अंतर तेच, वेळेत दीड तासाचा फरक. नावेने ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडणं आणि ओहोटीतच परत आत येणं, यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार.

आणि तिसरी गोष्ट वाट. आकाशात ठरलेले मार्ग असतात, आणि कुणाच्या तरी हद्दीतून जायचं म्हणजे त्याची परवानगी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा युरोप-अमेरिकेकडची आमची सगळी वेळापत्रकं एका रात्रीत लांबली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युरोपीय आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंदी घातली. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटेने जातात आणि वेगवेगळा वेळ घेतात. त्यांचं बृहद्वृत्त काही बदलत नाही.

अंदाजासाठी मी घरच्यांना असं सांगतो: किलोमीटर भागिले ८५०, वर अर्धा-पाऊण तास जमिनीचा, आणि हिवाळ्यात पश्चिमेला जायचं असेल तर आणखी पाऊण तास. तुमच्या दोन्ही टप्प्यांना लावून बघा, तिकिटाशी पाच-दहा मिनिटांत जुळतं.

मालवणी_खाजा

काकांनू, ह्यां सगळा वाचलंय. साइन कोसाइन सगळा बरोबर आसा. पण तुमी हिशोब धरल्यात तो मुंबयच्या विमानतळापासना. देवगडसून थंय पोचाचो हिशोब कोण करतलो?

०७.१० चा विमान म्हणजे चार वाजता थंय हजर व्हया. कणकवलीसून रात्रीची कोकणकन्या धरलात तर ती मुंबयक पोचासर थंय सामान घेवचा बंद झाला असता. म्हणजे जावचा आदल्या दिवशी. गाडीन गेलात आणि वडखळाक अडाकलात तर बृहद्वृत्त खंयचा नि काय खंयचा. थंय ना समोरचो वारो, ना पाठचो वारो. नुसतो हॉर्न.

आणि निघाच्या आधी देवाक गाऱ्हाणां घालूक इसरू नको हां. बारा हजार किलोमीटर काय नि बारा कोस काय, होय म्हाराजा म्हटल्याशिवाय घरातसून पाय भायर काढूचो नाय.

निवृत्त_कंट्रोलर (देवगड)

सगळ्यांचे आभार. खाजा, तुझं बरोबर आहे. आदल्या दिवशी सकाळीच निघतोय, बोरिवलीला मेव्हण्याकडे मुक्काम. गाऱ्हाण्याचं तिच्या आईने कधीच ठरवून ठेवलंय. नारळसुद्धा काढून ठेवलाय.

आज जिल्हा परिषदेच्या शाळेतून पृथ्वीचा गोल आणला. गुरुजी आमच्या गाडीने रोज यायचे त्या काळातले, नाही म्हणाले नाहीत. गोल थोडा चेपलाय, पण चेपलाय तो ऑस्ट्रेलियाकडे, आपल्या वाटेत नाही. आधी विषुववृत्ताला दोरा गुंडाळला: ९६ सेंटिमीटर. म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. मग मुंबईवर लेकीने बोट ठेवलं, टोरांटोवर मी, आणि दोरा ताणला.

मंडळी, तो आपणहून वर सरकतो! मी हाताने इजिप्तकडे ओढून बघितला, सोडला की पुन्हा वर. अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंडचा वरचा भाग, आइसलंडच्याही वरून, मग ग्रीनलंड आडवं कापून कॅनडात. मोजला तर ३० सेंटिमीटर. तीस भागिले शहाण्णव गुणिले चाळीस हजार, साडेबारा हजार बरोब्बर. एवढा आनंद मला रिटायर होताना शाल मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मग लंडनचं बघितलं. लंडनवर टाचणी लावून दोरा तिच्यावरून नेला. दोऱ्याच्या सरळ वाटेपासून लंडन चांगलं जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली आहे, पण एकूण लांबी भरली ३१. फक्त एक सेंटिमीटर जास्त! सूत्रानेही करून बघितलं. ७,२१३ आणि ५,७०७ मिळून १२,९२०, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरचा वळसा. सोलापूरचा शब्द मागे घेतो. चिपळूणहून मुंबईला निघालेली गाडी दापोलीवरून नेल्यासारखं म्हणा फार तर.

ऑप्स साहेबांचं भागिले ८५० दोन्हीकडे लावलं. लंडनपर्यंत पावणेदहाच्या आसपास, पुढे आठ. जुळलं. आमच्याकडे असं सूत्र असतं तर निम्म्या फेऱ्यांचे वेळ मी बदलून घेतले असते.

दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर आता वेळापत्रक लिहिलंय, सगळं आपल्या घड्याळात. मुंबई ०७.१०. लंडन आगमन १६.५५, निर्गमन २०.००. टोरांटो ०४.००. मी पहाटे चारचा गजर लावणार असं म्हटलं तर बायको म्हणाली, साडेतीनचा लावा, वेळेआधी पोचली तर?

भिंतीवरचा नकाशा काढलेला नाही. प्रमाणपट्टीच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: फक्त विषुववृत्तासाठी. गोल सोमवारी शाळेत परत द्यायचा आहे, तोवर कुणाला काही मोजून हवं असेल तर सांगा.